जमीन खरेदी करणाराची सावधगिरी

सातबाऱ्यावर विकणाराचें नांव पाहून पुष्कळ शेतकरी बंधू निःशंकपणें रक्कम मोजितात. परंतु सातबारा हा मालकीचा दस्तऐवज नव्हे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १५७ व्या कलमाप्रमाणें त्यांतील नोंद विरुद्ध पुरावा होईपर्यंतच खरी मानिली जाते.

समजा, खातें एकट्या थोरल्या भावाच्या नांवें आहे व धाकट्याच्या संमतीनें तोच मालक म्हणून वावरतो. त्यानें जमीन विकल्यास १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें ४१ वें कलम खरेदीदाराचें रक्षण करूं शकतें. मात्र खऱ्या मालकाची उघड वा गर्भित संमति, दिलेला मोबदला आणि शुद्ध बुद्धीनें केलेली वाजवी चौकशी, हीं तिन्ही हवींत.

चौकशी कशी करावी? जुने फेरफार वाचावे, दुय्यम निबंधकाच्या कचेरींत नोंदलेल्या दस्तांचा शोध घ्यावा आणि बांधावर जाऊन वहिवाट कोणाची तें विचारावें. शेतांत दुसऱ्याचा नांगर चालत असेल, तर त्याच्या हक्काची माहिती खरेदीदारास होती असेंच कायदा धरतो. मग "मला ठाऊक नव्हतें" ही सबब चालत नाहीं.

एका दिवसाची पायपीट चुकविण्यासाठीं जन्माची पुंजी पणास लावूं नये.