श्वानाच्या नासिकेचा वर्णक्षय : एक चिकित्साविचार
वळ (ता. भिवंडी) परिसरातील वैद्याकडे प्रदर्शनासाठी वाढविलेले लॅब्रॅडॉर पिल्लू आणून कोणी नाक काळे करण्याचा उपाय विचारल्यास, प्रथम नाकाचा पृष्ठभाग तपासावा, असे आम्ही सुचवितो. त्याचा नैसर्गिक खडबडीतपणा कायम असून केवळ रंग फिका झाला असेल, तर कारण बहुधा आनुवंशिक किंवा ऋतुजन्य असते; त्यास औषध लागत नाही. पृष्ठभाग गुळगुळीत होऊन खपल्या वा व्रण दिसल्यास ल्युपससारख्या विकाराची शंका धरून पशुवैद्यकाकडे पाठवावे. भ्राजक पित्ताच्या विचाराने श्वित्रातील बाकुचीलेप येथे योजू नये. बाकुचीतील सोरालेनमुळे उन्हात त्वचा पोळते. शिवाय श्वान नाक सतत चाटतो. प्रदर्शनातील गुणांहून प्राण्याचे स्वास्थ्य श्रेष्ठ होय.