पोट लहान केले, तरी वजन पुन्हा का वाढते?

गॅस्ट्रिक बायपास केले की लठ्ठपणा कायमचा गेला, असे आपण समजतो. या शस्त्रक्रियेत जठराचा छोटा कप्पा करून तो लहान आतड्याला जोडतात. स्वीडनमधील दीर्घ अभ्यासात अशा रुग्णांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटले. १० वर्षांनी ही घट २५ टक्के उरली. असे का होते? वजन उतरलेले शरीर ऊर्जा कमी खर्च करते. भूक परतते, कप्प्याचे तोंड सैल होऊ शकते. गोड पेये, आइस्क्रीम सहज उतरतात. म्हणून अशा माणसाला 'जिभेवर ताबा नाही' म्हणून आपण हिणवू नये. लाजेने तो तपासणी टाळतो आणि उपचार लांबतात. वजन चढू लागताच त्याला डॉक्टरांकडे नेणे, हेच आपले कर्तव्य होय.