मान हलवणाऱ्या मुलीविषयी

सांगली, १२ ऑगस्ट

चि. सुमेध,

दुसरीतल्या त्या मुलीबद्दल तू लिहिलंस, "कानाला यंत्र आहे, गुणी आहे, काही विचारलं की मान हलवते, पण मराठीत मागे." मला काळजी वाटली ती मान हलवण्याची. होकार दिला की गुरुजी पुढच्या मुलाकडे वळतात, हे कमी ऐकू येणारी मुलं फार लवकर शिकतात. म्हणून "कळलं का?" हा प्रश्न तिच्यापुरता बंद कर. "आता काय करायचंय ते दाखव" म्हण, म्हणजे काय पोचलं आणि काय नाही ते लगेच दिसेल.

तिच्या ऑडिओग्रामवर (श्रवणचाचणीच्या आलेखावर) दोन्ही कानांना ७५ डेसिबल लिहिलंय म्हणतोस, म्हणजे साधारण त्याहून हळू आवाज तिला ऐकू येत नाही. आपलं साधं बोलणं साठच्या आसपास असतं, म्हणजे यंत्र काढलं तर तुझा आवाज तिच्यापर्यंत येतच नाही. पण यंत्र म्हणजे चष्मा नव्हे. ते आवाज मोठा करतं, स्पष्ट करेलच असं नाही. आणि तुझ्या आवाजाबरोबर बाकांची खरखर, पत्र्यावरचा पाऊस, शेजारच्या वर्गातले पाढे हेही मोठं करतं. मीटर-दीड मीटरच्या पलीकडून बोललास तर त्या कालव्यात तुझा शब्द हरवतो. शिवाय कान वाढतो, यंत्राचा कानात बसणारा साचा (मोल्ड) लहान पडतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं. मग मूल ते काढून दप्तरात टाकतं आणि घरचे म्हणतात, लाजते. आधी मोल्ड बघ, सेल बघ, कान वाहतोय का बघ.

ओठ वाचते म्हणून निर्धास्त राहू नकोस. आरशासमोर उभा राहा आणि आवाज न काढता मामा, बाबा, पापा म्हण. तिन्ही सारखेच दिसतील. क, ग तर घशातच राहतात. ती निम्म्याहून अधिक अंदाजाने भरून काढत असते, आणि अंदाज बांधायला आधी भाषा यावी लागते. तेव्हा फळ्याकडे तोंड करून बोलू नकोस, खिडकीला पाठ देऊन उभा राहू नकोस (चेहरा काळा दिसतो), आणि मागच्या बाकावरून कुणी उत्तर दिलं तर ते तिच्याकडे बघून पुन्हा म्हण. मिशी थोडी कातरलीस तर आत्याही खूश होईल.

आता तिची वही. "आई बाजार गेली. भाजी आणला." यावर तू लाल रेघ मारलीस. तिला प्रत्यय ऐकूच येत नाहीत रे. शेवटचा हलका 'ला', 'त', 'ने' कानावरून निसटतो. 'स' तर इतका बारीक की "तू आलास का" आणि "तू आला का" तिला एकच. बाकीची मुलं हे सगळं ओट्यावर, नळावर, आजीच्या बडबडीतून न शिकवता उचलतात. तिला ते डोळ्यांनी द्यावं लागेल. तिचं वाक्य तसंच ठेव आणि खाली पूर्ण वाक्य लिहून दे, रोज. श्रुतलेखनाचे गुण मात्र धरू नकोस. ती परीक्षा तिच्या कानाची होते, मराठीची नाही.

तिच्या वडिलांची भीती मला ओळखीची आहे: खुणा शिकली तर बोलायची नाही. ही भीती जुनी, आणि शिकल्यासवरल्यांनी पसरवलेली. १८८० साली मिलान शहरात बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली, बहुतेक सगळे ऐकू येणारे. त्यांनी ठराव केला की शाळांत फक्त तोंडी भाषा चालेल. कर्णबधिर शिक्षक शाळांतून बाहेर गेले, मुलांचे हात बांधले गेले. मुंबईत भारतातली पहिली कर्णबधिरांची शाळा निघाली ती याच दशकात. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० ची व्हँकुव्हरची परिषद उजाडली. खुणांनी बोलणं मरत नाही. कुठल्याच भाषेशिवाय वाढलेलं मूल मात्र विचारालाही अडतं. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राच्या कोशाची तिसरी आवृत्ती २०२१ मध्ये आली, त्यात १०,००० शब्द आहेत, चित्रफितींसह. रोज पाच शब्द तू शीक, वर्गाला शिकव. पोरं तुझ्या पुढे जातील.

तिला तुझ्याच शाळेत ठेवायचं की कर्णबधिर शाळेत पाठवायचं, यावर माझं मत तुझ्या शिक्षणखात्याला आवडणार नाही. समावेशित शिक्षण छानच, पण सबंध गावात तिच्यासारखं दुसरं कुणी नसेल तर मधल्या सुट्टीत ती एकटीच असते, आणि नुसतं हजेरीपटावर नाव असणं म्हणजे समावेश नव्हे. उलट सात वर्षांची पोर आईपासून तोडून वसतिगृहात टाकणंही मला पटत नाही. अजून घाई करू नका. आधी आईवडिलांना घेऊन जिल्ह्याच्या कर्णबधिर शाळेत एक दिवस जा. वर्गांपेक्षा जेवणाची पंगत बघा: मुलं एकमेकांशी भरभरून बोलतात का, वाढणारी बाई त्यांच्याशी खुणांनी बोलते का. शिक्षकांत कुणी कर्णबधिर आहे का तेही विचार. मोठं होऊन नोकरी करणारा, भांडणारा, विनोद करणारा बधिर माणूस त्या वडिलांनी आजवर पाहिलेलाच नसेल. त्यांना तो तिथे भेटू दे.

जाताना ऑडिओग्रामची मूळ प्रत आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) बरोबर असू दे. कार्ड नसेल तर आधी जिल्हा रुग्णालयात तारीख घे, तिथे खेटे पडतात. तालुक्याला सरकारच्या समग्र शिक्षा योजनेचे विशेष शिक्षक असतील, त्यांनाही गाठ. आणि तिची आई काय म्हणते ते तू पत्रात कुठेच लिहिलं नाहीस, ते कळव.

तुझी,
आत्या