निर्माल्याची माती

देवाला वाहिलेले फूल पायदळी पडू नये म्हणून आपण निर्माल्य नदीत सोडतो. हेतू शुद्ध खरा. परंतु प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून कान्ह नदीत टाकलेली फुले तेथेच कुजतात, पाण्यातील प्राणवायू शोषतात आणि पिशवी काठच्या गाळात तशीच उरते. याला विसर्जन म्हणावे काय? आम्हीही वर्षानुवर्षे असेच करीत आलो, हे येथे कबूल केले पाहिजे.

वस्तुतः यावरील उपाय आपल्या इंदुरातच सिद्ध झाला आहे. आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी येथील संस्थेत केलेल्या प्रयोगांचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला, आणि खताची ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. पालापाचोळ्याचा थर, त्यावर शेण, माती व थोडी राख, असे थरावर थर रचावयाचे. ओलावा राखावयाचा आणि ढीग अधूनमधून वरखाली करावयाचा, म्हणजे आत हवा खेळते. डोळ्यांस न दिसणारे जीव कामाला लागतात, ढीग आतून तापतो व सुमारे ३ महिन्यांत काळे, भुसभुशीत खत हाती येते. दुर्गंधी सुटली तर हवा कमी पडली असे समजावे.

झेंडू, बेल, तुळस, दूर्वा यांचे खत सहज होते. मात्र हारातील नायलॉनचा दोरा व जर आधी सोडवून घ्यावी लागते. काम कंटाळवाणे आहे, आणि आपले पाऊल अडते ते येथेच. दोरे वेचण्यास घरातील मुलांना बसवावे. त्यांना ढिगाची ऊब हाताने पाहण्याची हौसही असते.