पांदण रस्त्याची वर्गणी : आकारणी व हिशेब

आमच्या फुलसावंगीकडील काळ्या जमिनीचा जो गुण, तोच पावसाळ्यात तिचा दोष होतो. चार दिवस झड लागली की पांदणीत बैलाचे पाय रुततात, ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो, आणि खताची गोणी डोक्यावरून नेण्याची मजुरी शेतकऱ्याच्या पदरी पडते. सरकारी योजना आहेत. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ साली मातोश्रींच्या नावाची योजना राज्यात निघाली. परंतु तीत आपल्या पांदणीचा क्रम केव्हा लागेल हे कोणी सांगू शकत नाही. तेव्हा वर्गणी करून काम उरकावे, असा विचार गावोगाव निघतो व बहुधा पहिल्याच बैठकीत मोडतो. तो का मोडतो, हे येथे पाहावयाचे आहे.

वर्गणीची कल्पना नवी नव्हे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून ‘पैसा फंड’ उभा केला व त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. अमेरिकेत १८८५ साली न्यूयॉर्क बंदरातील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा पैशावाचून अडला असता, पुलित्झर या वृत्तपत्रकाराने लाखावर लोकांकडून लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमविली. देणगी कितीही लहान असो, देणाऱ्याचे नाव त्याच्या पत्रात छापून येई. हा घेण्यासारखा धडा होय.

तथापि कारखाना किंवा पुतळा यांचा लाभ देणाऱ्यांत वाटून घ्यावयाचा नसतो. बंधारा व रस्ता यांचा लाभ प्रत्यक्ष असतो आणि तो सर्वांस सारखा नसतो. तंट्याचे मूळ येथे आहे. या प्रश्नाचा विचार सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात तांदुळवाडी व बलवडी येथील लोकांनी चांगला केला. १९८० नंतरच्या दशकात त्यांनी येरळा नदीवर ‘बळीराजा धरण’ बांधले. नदीतील वाळू ठेकेदार उपसून नेत होते; तीच वाळू मर्यादेने विकून धरणास पैसा करावा, असा हक्क त्यांनी झगडून मिळविला. श्रमदान झाले, बाहेरच्या सहानुभूतीदारांनीही हातभार लावला. परंतु आमच्या मते खरी गोष्ट निराळीच आहे. पाण्यावर भूमिहीन कुटुंबांचाही वाटा राहील, हे त्यांनी तत्त्व म्हणून धरले. कोणास काय मिळणार हे स्पष्ट असले म्हणजे हात खिशाकडे लवकर जातो.

आता आपली पांदण घ्या. सरसकट एकरी वर्गणी लावली तर तोंडाशी शेत असणारा म्हणतो, ‘मला शंभर पावले जायचे, मी शेवटच्या इतके का द्यावे?’ त्याचे म्हणणे खोटे नाही. समजा, खर्च ३,६०,००० रुपये, जमीन १२० एकर व रस्त्याचे तीन सारखे टप्पे असून प्रत्येक टप्प्यावर ४० एकर आहे. निम्मा खर्च सर्वांवर एकरी लावावा. तो १,५०० रुपये येतो. उरलेल्या निम्म्याचे टप्प्यागणिक ६०,००० करून, त्या टप्प्यावरून ज्यांची जाण्यायेण्याची गरज आहे त्यांच्यावरच बसवावेत. पहिला टप्पा १२० एकरांवर, म्हणजे एकरी ५००. दुसरा ८० एकरांवर, एकरी ७५०. तिसरा ४० एकरांवर, एकरी १,५००. एकूण एकरी आकारणी पहिल्या टप्प्यास २,०००, दुसऱ्यास २,७५० व शेवटच्यास ४,२५० होते. हा तक्ता मोठ्या अक्षरांत चावडीवर लावावा. मजुरांकडून मात्र फुकट श्रमदान मागू नये. रस्ता जमीनदारांच्या शेतास जातो, तेव्हा मजुरी रोख द्यावी.

पैसा गोळा करण्यापूर्वी कागद पाहावा. महसूल खात्यात नोकरी केलेल्या माणसाचा हा हट्ट समजा. गाव नकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने व पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखविलेला असतो. वाट नकाशावर असून कोणी बांध कोरून ती अडविली असेल, तर मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ अन्वये तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. नकाशावर वाटच नसेल, तर जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागावा. हक्क ठरण्याआधी मुरूम टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात पैसा पेरणे होय.

पुण्यामुंबईस नोकरीला गेलेली मुले मोबाईलवरून रक्कम धाडू शकतात. ‘मिलाप’, ‘केटो’ यांसारख्या संस्थांच्या द्वारे अनोळखी लोकांकडूनही मदत मागता येते. परंतु शेताच्या वाटेस परका मनुष्य फारसे देईल, अशी आशा आम्हांस नाही. जनतेकडून धर्मादाय वर्गणी मागावयाची तर धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत आधी विचारावे. व्याजाचे आमिष दाखवून ठेवी तर मुळीच घेऊ नयेत. २०१९ च्या कायद्याने अनियंत्रित ठेव योजनांस बंदी आहे.

कामाचा क्रम असा : आधी दोन्ही बाजूंच्या नाल्या, मग जेथे पाणी आडवे जाते तेथे सिमेंटच्या नळ्या, मग मुरूम व दबाई. काळ्या मातीत रस्ता खचतो तो बहुधा पाणी मुरल्यामुळे. पैसा दोघांच्या सहीच्या बँक खात्यात ठेवावा, मुरमाच्या प्रत्येक खेपेची पावती जपावी व दर पंधरवड्यास जमाखर्च मोठ्याने वाचावा. एकूण रकमेचा दहावा हिस्सा खर्च न करता राखून ठेवावा. पहिल्या पावसाळ्यानंतर नाल्या उपसाव्या लागतातच.