हलक्या हाताची जड बंदूक

सोप्यातल्या दोन खुंट्यांवर आडवी ठेवलेली छऱ्याची बंदूक परवा तू खाली घेतलीस, दोन्ही हातांवर तोललीस आणि म्हणालास, "आबा, केवढी जड आहे ही! आता कशा हलक्या बंदुका मिळतात." तेव्हा मी काही बोललो नाही. आज सावकाश सांगतो, कारण मला जे तुझ्या हाती द्यायचं आहे, ते सगळं त्या वजनातच आहे.

ही बंदूक माझ्या थोरल्या काकांची. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत नोकरी करून ते निपाणीला परतले आणि तंबाखूच्या वखारीमागच्या आवारात आम्हा पोरांना नेम शिकवू लागले. त्याआधी आम्हाला बंदूक माहीत होती ती उरुसातली, फुगे फोडायची. काकांनी हिच्या दस्त्यावर हात फिरवून सांगितलेलं मला अजून आठवतं, "ही खेळणं न्हाई आणि हत्यारबी न्हाई. ही शाळा हाय."

बनवली इंडियन ह्यूम पाइप कंपनीने. वालचंद हिराचंद यांनी 1926 मध्ये उभी केलेली, गावोगावी पाण्याचे सिमेंटचे पाइप पुरवणारी हीच ती कंपनी. तिने छऱ्याच्या बंदुकाही काढल्या आणि 'आयएचपी' या तीन अक्षरांनी त्या आपल्या भागात घरोघरी ओळखल्या गेल्या. घडण जर्मनीच्या डायना 35 या बंदुकीची. डायना म्हणजे रोमन लोकांची शिकारीची देवता. त्या कंपनीच्या छापात ती धनुष्यबाण पायाशी टाकून छऱ्याची बंदूक डोक्यावर उचलून धरते. जर्मनीतच वायराउख कंपनीची एचडब्ल्यू 35 ही तशीच भारदस्त बंदूक पन्नास वर्षांहून अधिक काळ बनत राहिली. इतकी वर्षं लोक एखादी जड वस्तू विकत घेतात, मुलांच्या हाती देतात, तेव्हा त्या जडपणात काहीतरी कामाचं असतं.

वजन आहे साडेतीन किलोच्या आसपास. छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. एवढं लोखंड आणि लाकूड कशासाठी, ते पुढे कळेल. आधी बोटं सांभाळायला शिक.

पहिला मंत्र: नळी हातातून सोडायची नाही

नळी वाकवली की आतली स्प्रिंग दबते आणि दट्ट्या मागे जाऊन अडकतो. त्या क्षणापासून बंदूक जागी आहे असं समज. एक हात नळीवर घट्ट, दुसऱ्या हाताने छर्रा बसव, आणि नळी जागेवर बसेपर्यंत पहिला हात काढू नकोस. खटका निसटला तर नळी फाडकन वर येते आणि मध्ये सापडलेलं बोट चेचतं. नळी उघडी असताना चापाजवळ बोट नेऊ नकोस. गंमत म्हणून उघड्या नळीने चाप ओढणाऱ्यांच्या बंदुका कायमच्या वाकलेल्या मी पाहिल्या आहेत.

छर्रा न घालता कधी उडवायची नाही. समोर छर्रा असला की हवा कोंडते आणि दट्ट्या त्या हवेच्या गादीवर थांबतो. छर्रा नसला की तो थेट लोखंडावर आदळतो. भरलेली बंदूक भिंतीला टेकवून जेवायला जायचं नाही. त्यात जीवाला धोका आहे, आणि दबून राहिलेली स्प्रिंगही बसते.

दुसरा: धरायची नाही, तिला टेकू द्यायचा

सगळ्यात मोठा मंत्र हाच. हा समजायला मला दोन पावसाळे लागले.

सैन्यातली रायफल खांद्याला घट्ट लावतात. काका स्वतः तेच शिकून आलेले. तरी या बंदुकीला त्यांनी तो हात लावला नाही. कारण नीट ऐक. चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते, म्हणून बंदूक आधी किंचित मागे सरते. मग दट्ट्या कोंडलेल्या हवेवर येऊन थांबतो आणि बंदूक पुढे झेपावते. हे दोन्ही धक्के बसतात तेव्हा छर्रा अजून नळी सोडून पुरता बाहेर पडलेला नसतो. म्हणजे तू नेम धरलास एका ठिकाणी, आणि छर्रा निघाला हललेल्या नळीतून.

हे हलणं थांबवता येत नाही. आपल्या हातात एवढंच, की ते दर वेळी सारखं व्हावं. घट्ट मूठ आवळलीस तर आज जोर जास्त, उद्या कमी, आणि छर्रेही तसेच इकडे तिकडे. म्हणून डावा तळहात उघडा ठेव, त्यावर पुढचं लाकूड नुसतं टेकव, बोटं गुंडाळू नकोस. टेकायची जागाही ठरलेली हवी. मी चापाच्या कमानीच्या थोडं पुढे टेकवतो, तू तुझी जागा शोध आणि पेन्सिलीने खूण कर. दस्ता खांद्याला लागेल एवढाच लाव, ओढून घेऊ नकोस. गाल हलकेच ठेव. वाळूच्या पिशवीवर ठेवून मारायची असेल तर पिशवी आणि लाकूड यांच्यामध्ये हाताचा तळवा घाल.

काका म्हणायचे, "तान्ह्या पोराला घेतोस तसं घे. आवळलंस तर रडतंय, सोडलंस तर पडतंय."

आता वजनाचं उत्तर मिळालं ना? जड बंदूक त्या दोन धक्क्यांनी कमी हलते. हाताची थरथर, श्वासाची लाट, छातीतले ठोके, हे सगळं तिच्या वजनात विरून जातं. हलकी बंदूक तुझी प्रत्येक गडबड पुढे पाठवते. जड बंदूक हलका हात मागते आणि तो मिळाला की सांभाळून घेते.

तिसरा: कागद धूसर, माशी स्वच्छ

मागची खाच, पुढची माशी आणि कागदावरचा काळा गोल. डोळा एका वेळी एकच नीट पाहू शकतो, तो माशीवर ठेव. काळा गोल धूसर दिसला तर दिसू दे. माशीच्या दोन्ही बाजूंना खाचेतला उजेड सारखा हवा आणि दोघांचे माथे एका रेषेत हवेत. फौजेतला शब्द वापरून काका याला 'शिस्त घेणं' म्हणत, आणि हा शब्द मला 'नेम' या शब्दापेक्षा खरा वाटतो.

श्वास घे, अर्धा सोड, थांब. पाच-सहा सेकंदांत चाप ओढून झाला नाही तर बंदूक खाली घे आणि पुन्हा श्वास घे. डोळ्यांत पाणी येईस्तोवर ताटकळून मारलेला छर्रा वायाच जातो. चाप बोटाच्या पेराने सरळ मागे, हळूहळू दाब. तो नेमका कधी सुटला हे तुलाही आधी कळता कामा नये. आणि सुटल्यावर लगेच मान वर करून "लागला का?" बघायचं नाही. मनात एक ते तीन मोज, नजर माशीवर तशीच. छर्रा गेला तरी नेमबाजाचं काम तीन अंकांनी उरतं.

पाच छर्रे मारून मगच कागद बघ. पाचही एका जागी, पण मधल्या ठिपक्यापासून बाजूला असतील, तर मागच्या खाचेचा स्क्रू फिरव. छर्रे ज्या दिशेला न्यायचे त्या दिशेला खाच सरकव. ते विखुरलेले असतील तर स्क्रूला हात लावू नकोस. आधी दस्त्याचे स्क्रू सैल झालेत का बघ, धक्क्यांनी ते ढिले होतातच. ते घट्ट असतील तर दोष आपल्या हातात आहे.

दुर्बीण बसवायचा मोह होईल. स्प्रिंगच्या बंदुकीचा पुढे येणारा धक्का साध्या दुर्बिणीची आतली भिंगं हलवतो आणि तिचा पट्टा मागे सरकवतो. उघड्या माशीवर हात बसेपर्यंत दुर्बीण नको.

चौथा: छर्रा निवडून घ्यावा

छर्रा डमरूसारखा असतो, मध्ये बारीक आणि मागे पोकळ घेर. तो घेरच नळीला घट्ट बसून हवा अडवतो. डब्यात आदळून घेर चेपला असेल तर तो छर्रा बाजूला ठेव. काचेवर घरंगळवून पाहिलास तर वाकडा लगेच ओळखू येतो. कागदावर मारायला सपाट तोंडाचा घे, तो गोल स्वच्छ भोक पाडतो. लोखंडी गोळ्या हिच्यात कधीच नकोत. नळीच्या आतले पीळ त्या खरवडून टाकतात.

छर्रे शिशाचे असतात. आमच्या वेळी पोरं चार छर्रे तोंडात धरून एकेक काढायची. तू तसं करू नकोस. शिसं विषारी आहे. खेळून झालं की साबणाने हात धू, मगच भाकरीला हात लाव.

पाचवा: तेल थेंबाने, वाटीने नव्हे

हिच्या दट्ट्याला चामड्याचा वायसर आहे. चामडं सुकलं की आकसतं आणि हवा निसटते. म्हणून वर्षातून एक-दोनदा दोन-तीन थेंब तेल, आणि बंदूक रात्रभर उभी ठेवायची. त्याहून जास्त नको. कोंडलेली हवा इतकी तापते की जादा तेल आत पेट घेतं, बार उडाल्यासारखा आवाज होतो आणि नळीतून धूर निघतो. पोरांना ते आवडतं, म्हणून कोणी रॉकेलही घालतात. त्याने वायसर जळतो, स्प्रिंग तुटते आणि नेमाचा तर पत्ताच राहत नाही. नळीच्या सांध्याला मात्र शिलाई मशीनचं तेल लाव.

नळी साफ करताना उघडून मागच्या बाजूने चिंधी घाल, तोंडाकडून लोखंडी सळई खुपसू नकोस. नळीचं तोंड जरा जरी घासलं तरी छर्रा तिरका जातो. आपल्याकडे आषाढ-श्रावणात भिंतींना ओल येते. त्या दिवसांत रेक्झिनच्या पिशवीत बंदूक ठेवू नकोस, आत घाम धरतो. हाताच्या घामानेही लोखंडावर गंज चढतो, म्हणून खुंटीवर ठेवण्याआधी तेलाच्या फडक्याने पूस.

सहावा: छर्रा थांबणार कुठे, ते आधी

कागद लावण्याआधी त्याच्या मागे काय आहे ते बघ. पत्रा, दगड, सिमेंटची भिंत यांवरून छर्रा उलटा येतो. आमचा कागद मातीने भरलेल्या तंबाखूच्या पोत्यापुढे असे. लाकडी खोक्यात माती आणि जुनी कापडं कोंबलीस तरी चालेल. अंतर 33 फूट, म्हणजे 10 मीटर. डोळ्याला चष्मा हवा. बाकीचे सगळे तुझ्या मागे, आणि कागद आणायला कोणी पुढे गेलं की बंदूक रिकामी, नळी उघडी, जमिनीवर.

सातवा: पाखरं हाकायला गोफण आहे

ज्वारी हुरड्यात आली की शेजारी काकांकडे बंदूक मागायला येत. काका कधी देत नसत. "पाखरं हाकायला गोफण हाय, डबा हाय. जीव घ्यायचं काय कारण?" म्हणत. तेव्हा मला तो हट्ट वाटायचा. आज 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदाही तेच सांगतो. मोर, पोपट यांना मारणं गुन्हा आहे. अरुणाचल प्रदेशात 2021 पासून लोकांनी पाखरं वाचावीत म्हणून आपल्या छऱ्याच्या बंदुका होऊन सरकारकडे जमा केल्या. त्यांना त्या द्याव्याशा वाटल्या, कारण त्यांचा उपयोग चुकला होता. आपल्यावर तशी वेळ येऊ द्यायची नाही.

कायद्याचं आणखी एक ध्यानात ठेव. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटरपर्यंतची नळी आणि 20 ज्यूलपर्यंतची ताकद असली तर परवाना लागत नाही. त्यापुढे लागतो. म्हणून कोणी स्प्रिंग बदलून ताकद वाढवून देतो म्हणाला तर नको म्हण. कागदाला भोक पाडायला एवढी ताकद पुरते.

हे सगळं शिकून पुढे काय, असं तू विचारशील. निपाणीपासून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर. तिथल्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोन रायफलमध्ये जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक आणलं. आणि 2008 मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, ते 10 मीटर एअर रायफलमध्येच. त्या खेळात मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्यांच्या बंदुकीत आता स्प्रिंग नसते, धक्काही जवळजवळ नसतो. तरी नियमाने बंदूक साडेपाच किलोपर्यंत चालते आणि मोठे नेमबाज जडच बंदूक घेऊन उभे राहतात. हलकं घेण्याची मुभा असताना ते जड निवडतात, हे लक्षात ठेव.

तू पदक आणलंस तर मला आनंदच होईल. नाही आणलंस तरी ही बंदूक तुला देतोय, कारण घाई केलेली हिला चालत नाही. प्रत्येक छऱ्यासाठी नळी वाकवावी लागते, श्वास आवरावा लागतो, हात सैल सोडावा लागतो. दिवसभरात इतकं मन लावून आपण दुसरं काय करतो?

काका आम्हाला रोज पाचच छर्रे देत, मोजून, पितळेच्या वाटीत. सहावा मागितला तर म्हणत, "पाचातला एक तरी मनापासून मारलास का?" ती वाटी मी चिंचेने घासून ठेवली आहे. उद्या सकाळी वारा सुटायच्या आत परड्यात ये. आधी नळी न वाकवता, नुसतीच खांद्याला लावून उभं राहायचं, साठ आकडे. हात थरथरला तर थरथरू दे, वजन अंगवळणी पडतं. मग वाटीतले पाच छर्रे तुझे.