आजींचा अंगठा आणि माझ्यावरचा आळ

राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिराबरोबर आपलं काम संपतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी म्हाताऱ्या माणसांच्या दारात जाऊच नये. हे मी रागानं लिहितेय. राग अजून गेलेला नाही.

घनसावंगी तालुक्यातल्या त्या गावातली बरीच घरं तेव्हा ऊसतोडीला गेलेली होती, मागं म्हातारी माणसं. आम्हाला ज्येष्ठांची माहिती भरायची होती. फॉर्म भरा, फोटो काढा, पुढचं दार. एका आजींनी पासबुक पुढं केलं. "श्रावणबाळ बंद झालं माय, बघ बरं." श्रावणबाळ योजनेच्या अनुदानाचे महिन्याचे दीड हजार रुपये, आणि कित्येक महिने एक नोंद नाही. हयातीचा दाखला दिला नसेल, असं गाव म्हणत होतं. तो दिलेला होता.

शिबिर संपल्यावर मी त्यांना घेऊन हिंडले. ओळख पटवायला केंद्रावर गेलो, तर अंगठा मशीनवर उमटेना. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेले, पुढं जन्मभर कापूस वेचलेले हात ते, रेषा झिजून गेलेल्या. केंद्रावरचा माणूस "अंगठा येत नाही" म्हणून परत पाठवतो, तेव्हा तिथून हलू नका. दहाही बोटं लावून बघायला सांगा. तेही जमलं नाही तर बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवता येते. आजींचं मधलं बोट लागलं.

बँकेत कळलं की आधार दुसऱ्याच बँकेतल्या खात्याला जोडलेलं आहे. अनुदान बंद झालेलं नव्हतं, तिकडं जात होतं. त्या बँकेत गेलो. खातं आजींच्याच नावाचं, मोबाइल नंबर पुतण्याचा, एटीएम कार्डही त्याच्याकडं. पैसे आले की काढलेले. मी एकेक नोंद वाचून दाखवत होते, आणि पाहिलं तर आजींच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतंच. "विम्याचं म्हणून अंगठा घेतला व्हता त्यानं," एवढंच बोलल्या. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. मेल्यावर पाणी त्योच पाजणार हाय."

त्या क्षणी मला त्यांचाही राग आला. आज कळतं की मूलबाळ नसलेल्या बाईनं त्या दीड हजारासमोर काय ठेवून हिशेब केला होता. वर्गात हे कुणी शिकवत नाही. तरीही मी त्यांना विचारलं, आधार जुन्या खात्याला जोडायचं का? त्या हो म्हणाल्या, अर्जावर बोट उमटवलं, आणि पुढच्या हप्त्यापासून पैसे पासबुकात दिसू लागले.

मग पुतण्या कॉलेजात आला. "तुमच्या पोरीनं म्हातारीचा अंगठा घेतला, जमिनीवर डोळा हाय तिचा." माझा! आमच्याकडं अंगठा घेतला म्हटलं की लोक पुढचं ऐकतच नाहीत. आजींना बोलावलं तर त्या खाली मान घालून बसल्या. आणि ज्या सरांनी शिबिराच्या उद्घाटनाला सेवेवर अर्धा तास भाषण केलं होतं, ते मला सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं?" पुतण्याचं मला इतकं लागलं नाही, तो चोरच होता. सरांचं लागलं. अर्जाची पोच आणि खात्याचा उतारा माझ्या पिशवीत होता म्हणून मी वाचले.

म्हणून सांगते. ज्येष्ठ माणसाला घेऊन बँकेत एकट्यानं जाऊ नका. अंगणवाडी सेविका, आशाताई, शेजारीण, कुणीतरी सोबत घ्या. प्रत्येक कागदाची झेरॉक्स, प्रत्येक अर्जाची पोच. त्यांचं पासबुक किंवा कार्ड रात्रभरही आपल्याजवळ ठेवू नका, आणि त्यांच्या खात्याला आपला नंबर तर कधीच देऊ नका. अनुदान थांबलं असेल तर दाखल्याच्या आधी आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते बघा. आधारच्या संकेतस्थळावर ते दिसतं. त्यासाठीचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो, हेही बघा. बाकी संयम ठेवा, मोठ्यानं आणि सावकाश बोला, हे तुम्हाला सगळेच सांगतील.

आणखी एक, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ज्येष्ठांच्या निर्वाहासाठी 2007 चा कायदा आहे. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठालाही, ज्याच्याकडं त्याची मालमत्ता आहे किंवा वारशानं जाणार आहे अशा नातेवाइकाकडून निर्वाह मागता येतो. स्वतः जाता येत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेला माणूस अर्ज करू शकतो. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567 आहे. आमच्या आजी नको म्हणाल्या, म्हणून मी अर्ज केला नाही. तुमच्या आजी हो म्हणाल्या तर करा, आणि कुणा पुतण्याच्या ओरडण्यानं किंवा सरांच्या तोंड फिरवण्यानं थांबू नका.